पाटी वाचा, मग पत्रा!

सेकंड हँड कार घ्यायला गेले होते. दरवाज्याच्या आवाजावर भाळले, नंबरावर फिदा झाले आणि टोकन द्यायला निघाले... तेवढ्यात गॅरेजवाल्या काकांनी नुसती नंबर प्लेट बघून गाडीची कुंडली मांडली!

‘‘मॅडम, फक्त आवाज ऐका.’’ एजंटनं दरवाजा उघडला आणि दोन बोटांनी ढकलला. धप्प! ‘‘बघितलंत? पत्रा आहे पत्रा. नाहीतर हल्लीच्या गाड्या म्हणजे तेलाचे डबे!’’

रविवारची सकाळ, सिंहगड रोडवरचं एक पार्किंग, मी, बाबा आणि समोर चकाचक चंदेरी हॅचबॅक. २०२० ची, पेट्रोल, एकच मालक, ३८ हजार किलोमीटर, किंमत साडेचार लाख. आईचा गुडघा आणि दर महिन्याची सातारा वारी या दोन कारणांसाठी घरात चारचाकी यायलाच हवी, असा ठराव गेल्या दिवाळीतच पास झाला होता. बाबांनीही दरवाजा दोनदा लावून बघितला. आमच्याकडे फ्रीज घेतानाही हीच टेस्ट झाली होती.

माझं लक्ष मात्र पुढच्या नंबर प्लेटकडे होतं. एमएच १२, पुढे दोन अक्षरं आणि मग ४१४१. तेही असं रेखलेलं, की लांबून सरळ ‘दादा’च वाचावं. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत उत्तरं आली, ‘ताई आता दादा!’ यूपीआयनं टोकनचे दहा हजार पाठवायला माझा अंगठा शिवशिवत होता.

बाबा म्हणाले, ‘‘जरा काकांना दाखवू, मग दे.’’

काका म्हणजे आमचे गॅरेजवाले. बाबांची स्कूटर गेली वीस वर्षं त्यांच्याच हातात आहे. ते आले, चहा नको म्हणाले, गाडीच्या पुढे गेले, मग मागे गेले, परत पुढे आले. बॉनेट उघडलं नाही, दरवाज्याला हात लावला नाही. म्हणाले, ‘‘ही पुढून ठोकलेली आहे.’’

एजंट हसला. मीही मनात हसले. नुसतं बघून? काकांनी नंबर प्लेटवर बोट ठेवलं. ‘‘पोरी, ही पाटी वाच की. सगळं लिहिलंय.’’

पुण्यात राहून पाटी वाचता येत नाही असं कुणी म्हणालं, तर अपमान वाटायला हवा. पण खरं सांगते, ही पाटी मला वाचता आली नव्हती.

दादा, राम आणि बॉस

आपल्याकडे नंबर प्लेट ही भावनिक बाब आहे. इंग्रजी चारला जरा वाक दिला की ‘द’ होतो आणि एक म्हणजे काना. चार-एक-चार-एक, झाला दादा! २१४ चा राम होतो, ४९१२ चा पवार होतो आणि ८०५५ म्हणजे अर्थातच बॉस. ज्यांना यातलं काही परवडत नाही ते आकड्यांची बेरीज करतात. नऊ आली तर पेढे, आठ आली तर ‘शनीचा आकडा’ म्हणून चेहरा पाडायचा. मग प्लेटवर फेटा, वाघ, तलवार, मुलाचं नाव... नंबर उरलेल्या जागेत!

या हौसेची किंमतही भारी आहे. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२४ मध्ये पसंतीच्या नंबरांचे दर वाढले, तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांत चारचाकीसाठी ‘०००१’ चे सहा लाख झाले. म्हणजे मी जी गाडी घ्यायला निघाले होते तिच्यापेक्षा दीड लाखानं महाग. नुसता नंबर!

बरं, पसंतीचा नंबर रीतसर पैसे भरून घेणं हा गुन्हा नाही. तो वाकडातिकडा लिहिणं हा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये हे इंचाइंचानं, खरं तर मिलिमीटरनं ठरवून दिलंय. अक्षरं इंग्रजी, आकडेही इंग्रजी वळणाचे. कारच्या प्लेटवर अक्षराची उंची ६५ मिमी, जाडी १० मिमी आणि दोन अक्षरांतली फट १० मिमी. प्लेटची लांबी-रुंदी ५०० बाय १२० किंवा ३४० बाय २०० मिमी. यात ‘दादा’ला जागाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढा काटेकोरपणा कशाला? कारण ही पाटी आपल्यासाठी नसतेच. ती लावतो आपण, वाचतात दुसरे. धडक देऊन पळालेली गाडी लक्षात ठेवणारा फुटपाथवरचा माणूस वाचतो, टोलनाक्यावरचा आणि एक्स्प्रेस वेवरचा कॅमेरा वाचतो. त्यांना एका नजरेत नंबर कळायला हवा.

माझ्या एका मैत्रिणीला हे चांगलंच महागात पडलं. तिच्या मोबाइलवर नाशिकमधल्या सिग्नल तोडल्याचं चलन आलं. त्या दिवशी तिची गाडी कोथरूडच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी होती. चलनासोबतचा फोटो उघडला तर नंबर तिचा, गाडी भलत्याच रंगाची! कुणीतरी बिनधास्त तिचा नंबर रंगवून फिरत होतं. ‘मी ती नव्हेच’ हे सिद्ध करण्यात तिच्या दोन सुट्ट्या गेल्या. विचार करा, सिग्नलऐवजी त्या गाडीनं कुणाला उडवलं असतं तर?

ती निळ्या चक्राची प्लेट

याच भानगडींवर उपाय म्हणून हाय सिक्युरिटी रजिस्ट्रेशन प्लेट, म्हणजे आपल्या तोंडी बसलेली एचएसआरपी आली. १ एप्रिल २०१९ पासून नवी गाडी ही प्लेट लावूनच शोरूमबाहेर पडते. त्याआधीच्या गाड्यांना ती बसवून घेण्यासाठी २०२५ मध्ये महाराष्ट्रात काय झुंबड उडाली आणि मुदत किती वेळा वाढली, ते आठवत असेलच. दुचाकीला ४५० आणि कारला ७४५ रुपये, वर जीएसटी. तेव्हा आपण सगळ्यांनीच ‘एवढ्याशा पत्र्याचे एवढे पैसे?’ म्हणून कुरकुर केली होती.

त्या एवढ्याशा पत्र्यात काय काय असतं ते काकांनी मला दाखवलं. जेमतेम १ मिमी जाडीचं ॲल्युमिनियम, वर प्रकाश परतवणारी फिल्म. म्हणून तर रात्री हेडलाइट पडला की प्लेट चमकते. डाव्या कोपऱ्यात वर अशोकचक्राचा क्रोमियमचा होलोग्राम, २० बाय २० मिमीचा. कडेला निळ्या रंगात देशाचं नाव. खाली लेझरनं कोरलेला कायमस्वरूपी क्रमांक, जो तुमच्या गाडीच्या सरकारी नोंदीला जोडलेला असतो. अक्षरं ठोकून उठवलेली असतात आणि त्यांच्या काळ्या पट्टीवर तिरक्या ओळीत बारीक ‘इंडिया’ छापलेलं असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्नॅप लॉक. मागची प्लेट साध्या स्क्रूनं बसवलेली नसते, तिला असं लॉक असतं की काढायचं तर तोडावंच लागतं.

शिवाय एक तिसरी पाटीही असते, जी आपण कधी बघतच नाही. पुढच्या काचेवर आतून लावलेला स्टिकर. पेट्रोल-सीएनजीसाठी फिकट निळा, डिझेलसाठी नारिंगी. त्यावर नंबर असतो आणि इंजिन-चासीचे क्रमांकही.

‘‘आता सांग,’’ काका म्हणाले, ‘‘गाडी २०२० ची. मागे कंपनीची प्लेट, लॉक जसंच्या तसं. पुढे ही दोन स्क्रूवाली दादा प्लेट. का?’’

‘‘मालकाला शौक होता,’’ एजंट मध्येच बोलला.

‘‘शौक असणारा माणूस मागची प्लेट आधी बदलतो. ट्रॅफिकमध्ये लोक मागचीच वाचतात ना!’’

एजंट गप्प. मी काचेकडे बघितलं. स्टिकर नव्हता. म्हणजे काच बदललेली. पुढची प्लेट गेली, काच गेली... आणि मग मधलं बॉनेट काय हवेत होतं?

धप्प म्हणजे भक्कम?

‘‘पण काका, दरवाजा तर कसला दणकट लागतोय!’’ मी शेवटचा प्रयत्न केला. मन अजून ‘दादा’तच होतं.

गाडी घेताना आपण सगळेच हे करतो. दरवाजा आपटतो, बॉनेटवर टिचकी मारतो, बंपर दाबून बघतो आणि निकाल देतो. पत्रा जाड, गाडी मजबूत. यातला गमतीचा भाग म्हणजे दरवाज्याचा आवाज चक्क डिझाइन केलेला असतो. रबराचं बीडिंग, कुलपाची घडण, पत्र्याच्या आतून चिकटवलेली आवाज शोषणारी पट्टी. हे नीट जमलं की धप्प, नाही जमलं की टण्ण. अपघातात जीव वाचण्याशी याचा संबंध जवळपास नाहीच. बंपर तर प्लॅस्टिकचा असतो, तो दबायलाच असतो. बाहेरचा पत्रा म्हणजे गाडीचा सदरा. जीव वाचवतो तो आतला सांगाडा.

या सांगाड्याचे दोन भाग समजून घ्या. पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चुरगळेल असा बनवलेला असतो. धडकेचा जोर तो स्वतः चुरगळून पोटात घेतो. मधला, आपण बसतो तो भाग मात्र पिंजऱ्यासारखा कडक हवा. पुढचं नाक चेपलं तरी स्टिअरिंग छातीवर आणि पेडल पायावर येता कामा नये. म्हणजे रस्त्यात ‘अरेरे, केवढी चेपली!’ म्हणून आपण ज्या गाडीला नावं ठेवतो, तिनं कदाचित आपलं काम चोख केलेलं असतं.

‘जुन्या गाड्या म्हणजे रणगाडे होते हो’ असं म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. (आमचे गॅरेजवाले काका सन्माननीय अपवाद!) त्यांच्यासाठी एक किस्सा. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी एक रस्ता सुरक्षा संस्था आहे. २००९ मध्ये तिनं आपल्या पन्नाशीनिमित्त १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू एकमेकींवर आदळवल्या. जुनीचा लोखंडी देह पाहून कुणीही तिच्यावरच पैज लावली असती. प्रत्यक्षात जुनीची केबिन कोसळली, नवीतली केबिन टिकली.

आपल्याकडे ही समज यायला २०१४ उजाडावं लागलं. त्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरनं आदळवल्या. मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाचही गाड्यांना मिळाले शून्य तारे! त्यात फोक्सवॅगन पोलोची गोष्ट बघण्यासारखी आहे. तिचा सांगाडा टिकला होता, तरी शून्य. कारण चाचणीतल्या गाडीत एअरबॅगच नव्हत्या. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला त्याच चाचणीत चार तारे मिळाले. म्हणजे नुसता पत्रा नको आणि नुसता सांगाडाही पुरत नाही. सांगाडा, सीट बेल्ट आणि एअरबॅग या तिघांची टीम खेळली तरच मॅच जिंकता येते.

त्यानंतर चित्र भराभर बदललं. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉननं पाच तारे मिळवले. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, २०२१ मध्ये शेजारच्या सीटचीही. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप सुरू झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या मारुती डिझायरनं ग्लोबल एनकॅपमध्ये पाच तारे आणले, तेव्हा चेष्टा करणारे मीम्सवालेही गप्प झाले.

मात्र तारे मोजताना साल बघा. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपनं चाचणी कडक केली, त्यामुळे आधीचे पाच आणि नंतरचे पाच सारखे नव्हेत. आणि हे तारे मिळतात ते कारखान्यातून आलेल्या, न ठोकलेल्या गाडीला. एकदा चुरगळलेला भाग हातोडीनं सरळ करून, झाळून, वर रंग मारला की तो दिसतो तसाच, पण पुढच्या धडकेत तसाच वागेल याची खात्री कोण देणार?

तो न लागलेला दिवा

काकांनी आता बॉनेट उघडलं. कडेच्या बोल्टकडे बोट दाखवलं. रंग उडालेला, पान्याच्या खुणा. ‘‘कंपनीतून आलेल्या बोल्टला पाना लागलेला नसतो.’’ मग हेडलाइट आणि बॉनेटमधली फट. डावीकडे करंगळीचं नख जाईल एवढी, उजवीकडे अख्खी करंगळी. रबराच्या कडेवर चंदेरी रंगाचे बारीक शिंतोडे. खालच्या बाजूला सांगाड्याच्या दांड्यावर झाळल्याची ओबडधोबड रेघ.

एजंटचा सूर बदलला. ‘‘मॅडम, छोटासा टच होता हो. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये कुणाची गाडी लागत नाही?’’

काका काही बोलले नाहीत. ड्रायव्हर सीटवर बसले, चावी अर्धी फिरवली आणि मला आत बोलावलं. ‘‘काय दिसतंय?’’

मीटरवर सगळे दिवे लागले होते. ऑइल, बॅटरी, इंजिन, हँडब्रेक.

‘‘काय दिसत नाहीये?’’

मला कळेना.

‘‘एअरबॅगचा दिवा. चावी फिरवली की तो लागायला पाहिजे आणि चार-पाच सेकंदांनी विझायला पाहिजे. लागला आणि विझला, तर यंत्रणा ठीक. लागूनच राहिला, तर बिघाड. पण लागलाच नाही, तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलाय.’’

मग त्यांनी शेजारच्या सीटसमोरच्या डॅशबोर्डवरून हात फिरवला. एअरबॅग जिथून फुटून बाहेर येते, तिथल्या झाकणाची कड किंचित उचललेली होती. आत काय होतं, काही होतं की नव्हतं, ते उघडून बघायची गरजच उरली नाही. एअरबॅग एकदा उघडली की परत घडी घालून ठेवता येत नाही, नवी बसवावी लागते आणि ती महाग असते. दिवा काढून टाकणं स्वस्त पडतं.

छोटासा टच!

मी गाडीतून उतरले. बाबा त्याच सीटच्या दरवाज्यापाशी उभे होते, हात अजून हँडलवर. साताऱ्याला जाताना आई त्या सीटवर बसणार होती. गुडघा लांब करता येतो म्हणून. बाबांनी हँडल हळूच सोडलं आणि एजंटला म्हणाले, ‘‘ही गाडी तुम्ही कुणालाच विकू नका हो.’’ एवढंच. आवाज चढवला नाही, भांडले नाहीत. बाबांना एवढं चिडलेलं मी फार क्वचित बघितलंय.

अर्थात, ती गाडी पुढे कुणीतरी घेतलीच असेल. महिन्याभरानं त्या पार्किंगवरून जाताना ती तिथे नव्हती. त्या कुणाला तरी दरवाज्याचा आवाज आवडला असेल, ‘दादा’चा फोटो त्यांनीही ग्रुपवर टाकला असेल. ते आठवलं की अजूनही पोटात कसंतरी होतं.

आमची टण्ण

दोन महिने, अकरा गाड्या आणि काकांच्या अगणित चकरांनंतर आमच्याकडे गाडी आली. रंग विटकरी, जो मला आवडत नाही. दरवाजा लावला की आवाज येतो टण्ण. नंबराची बेरीज आठ. आरसीवर नाव चढून आली तेव्हा बाबांनी बोटांवर बेरीज केली, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘‘शनी न्यायी असतो.’’

पण दोन्ही प्लेट्स मूळच्या, काचेवरचा निळा स्टिकर जागच्या जागी, बोल्टांना कधी पाना लागलेला नाही. आणि रोज चावी फिरवली की तो छोटा लाल दिवा लागतो. एक, दोन, तीन, चार... विझतो. तो विझेपर्यंत आई गाडी पुढे घेऊ देत नाही. आणि तोवर तिनं माझ्याकडून सीट बेल्टही लावून घेतलेला असतो.

चौकट : सेकंड हँड घेताय? ही दहा मिनिटं द्याच!

• पाट्या जुळवा : २०१९ नंतरच्या गाडीला पुढे-मागे मूळ एचएसआरपी आणि काचेवर स्टिकर हवाच. एखादी गायब असेल तर का, ते विचारा.

• नोंद तपासा : सरकारी परिवहन ॲपवर नंबर टाका. मॉडेल, नोंदणीची तारीख, इंधन, कितवा मालक, विमा आणि कर्जाचा बोजा बघा. चासी नंबर गाडीवर आणि आरसीवर एकच आहे ना?

• चलनं बघा : थकलेला दंड गाडीसोबत तुमच्याकडे येऊ शकतो.

• फटी मोजा : बॉनेट, दरवाजे, डिकी. दोन्ही बाजूंची फट सारखी हवी. गाडी उन्हात बघा, बेसमेंटमधल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या सुंदर दिसतात.

• काचांवरची खूण : सगळ्या काचांवर बनवणाऱ्याची खूण असते. एकच वेगळी निघाली तर ती बदललेली आहे.

• बेल्ट पूर्ण ओढा : शेवटपर्यंत. अडकतोय, फाटलाय किंवा मळ एकाच जागी आहे का, ते दिसेल. मागचेही बघा आणि मागे बसून लावायलाही शिका!

• एअरबॅगचा दिवा : लागायला हवा, मग विझायला हवा.

• विम्याचा इतिहास मागा : मोठा क्लेम झाला असेल तर विमा कंपनीकडे नोंद असते. विकणारा कागद दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर तुम्हीही टोकन द्यायला टाळाटाळ करा.

• आणि सगळ्यात महत्त्वाचं : आपल्या माहितीतल्या मेकॅनिकला सोबत न्या. त्याची रविवारची झोप मोडल्याबद्दल मिसळ खाऊ घाला. स्वस्तातला सौदा आहे.